कॉलेजातील संगणक : खरेदी यंत्राची की नोंदीची?

जून महिना जवळ आला की आमच्या शहागंजातील दुकानात युनिफॉर्मच्या कापडासाठी संस्थाचालकांची ये-जा सुरू होते. कोणी शर्टिंगचा भाव विचारतो, कोणी दुपट्ट्याचा रंग जुळवून पाहतो, कोणी मागील वर्षाची बाकी पुढे ढकलतो. या निमित्ताने शहरातील आणि तालुक्याच्या गावांतील बऱ्याच छोट्या शाळा-कॉलेजांची कार्यालये आम्ही आतून पाहिली. पुढे मुलींच्या एका लहान कॉलेजच्या ट्रस्टींनी आम्हाला खरेदी समितीवर घेतले. व्यापारी माणूस आहे, भाव पाडून आणील, असा त्यांचा हिशेब. आम्ही भाव पाडला आणि तेथेच चुकलो. ती चूक काय होती, आणि तिच्यापेक्षा मोठी चूक कोणती निघाली, ते आज या पानावर मांडत आहोत. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. संगणकाची तालीम आम्हाला कोणी दिली नाही. तेव्हा इंजिनियरची भाषा आमच्याकडून अपेक्षू नये. नफा-नुकसान मात्र समजते.

आपले शहर शिक्षणात मागे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले. १९६३ साली डॉ. रफिक झकेरिया यांनी मौलाना आझाद कॉलेज उभे केले. संगणकाच्या बाबतीतही विद्यापीठाच्या आवारात केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्सची संस्था १९८० च्या दशकापासून आहे. नाव बदलत बदलत तिला आता नायलिट म्हणतात. मोठ्या संस्थांचे ठीक चालते. त्यांच्याकडे इंजिनियर आहे, बजेट आहे, दोन खोल्या जास्त आहेत. आमचा विषय त्या कॉलेजांचा, जेथे तीनशे-चारशे विद्यार्थी, दोन कारकून, एक शिपाई आणि गळके छप्पर असते.

अशा ठिकाणी संगणक प्रथम आला तेव्हा त्याचा मान एखाद्या पाहुण्याचा होता. खोलीला पडदे, यंत्रावर प्लॅस्टिकचे आच्छादन आणि दाराबाहेर चपलांची रांग. प्राचार्यांशिवाय किल्ली कोणाकडे नाही. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाली, पुढच्या वर्षी एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम निघाला आणि सरकारी नोकरीसाठी तो लागू लागला, तेव्हा गल्लोगल्ली वर्ग सुरू झाले. चपला आत आल्या. पण संगणक म्हणजे लॅब, आणि लॅब म्हणजे यंत्रांची संख्या, ही समजूत संस्थाचालकांच्या डोक्यातून गेली नाही. नॅकचे पथक येणार असले की विचारले जाते, "यंत्रे किती?" आम्हीही तेच विचारत होतो.

भाव पाडला, अस्तर विसरलो

२०१५ साली एका दानशूर गृहस्थांच्या देणगीतून त्या कॉलेजसाठी वीस यंत्रे घ्यायची ठरली. तीन कोटेशने मागवली. आम्ही दोन दिवस घासाघीस केली, साठ हजार रुपये कमी करून घेतले आणि बैठकीत शाबासकी घेतली. हे साठ हजार कोठून कमी झाले, हे कोणी पाहिले नाही. बॅटरी-बॅकअपची ओळ निम्मी झाली होती. वार्षिक देखभालीचा करार उडाला होता. अर्थिंगचे काम "संस्थेने करून घ्यावे" असे बारीक अक्षरांत लिहिलेले होते, आणि संस्थेने ते केले नाही. शेरवानीचे कापड स्वस्तात आणावे आणि अस्तर, कॅनव्हास, शिलाई विसरावी, तसा प्रकार.

तीन पावसाळे गेले. २०१८ च्या दिवाळीत वीसपैकी नऊ यंत्रे चालत होती. विजेच्या चढ-उताराने काही गेली, धुळीने काही गेली, आणि दोन यंत्रे तर केवळ वायर उंदरांनी कुरतडल्यामुळे बंद पडून होती. दुरुस्तीला बोलवायचे कोणाला हे ठरलेले नव्हते, म्हणून ती वर्षभर तशीच. ट्रस्टींनी दुकानदाराला नावे ठेवली. इमानदारीने सांगायचे तर दोष त्याचा नव्हता. देखभालीच्या करारावर काट आम्हीच मारली होती.

या यंत्राचे आयुष्य किती, हे कोणा विक्रेत्याला विचारू नका, आयकराच्या नियमांना विचारा. फर्निचरवर वर्षाला १० टक्के घसारा मान्य होतो, संगणकावर ४० टक्के. म्हणजे ३५ हजारांचे यंत्र पहिल्या वर्षाअखेर २१ हजारांचे, दुसऱ्या वर्षी १२ हजार ६०० चे, तिसऱ्या वर्षी साडेसात हजारांचे. (ट्रस्टच्या हिशेबात घसारा कसा धरायचा तो प्रश्न वेगळा, त्यासाठी सीएला भेटावे, आम्ही येथे फक्त आयुष्याचा अंदाज घेत आहोत.) लाकडी बाक आजोबांनी घेतला तर नातू त्यावर बसतो. संगणकाचे तसे नाही, तो नाशवंत माल आहे. आम्ही आता समितीत असे सांगतो की यंत्रांसाठी तीन रुपये असतील तर दोनच रुपयांची यंत्रे घ्या, तिसरा रुपया पुढील तीन वर्षांच्या वीज, बॅटरी आणि दुरुस्तीसाठी बँकेत ठेवा. चौदा चालती यंत्रे वीस झाकलेल्या यंत्रांपेक्षा बरी.

पण हे सारे नुकसान पैशांचे होते, आणि पैशाचे नुकसान व्यापाऱ्याला सोसता येते. खरे नुकसान लॅबमध्ये झालेच नाही. ते कार्यालयातल्या एका जुन्या यंत्रावर होत होते आणि तिकडे आमचे लक्ष नव्हते.

पुठ्ठ्यांची माळ

येथे थोडे आमच्या धंद्याचे बोलू द्या. आपल्या शहराचा हिमरू सर्वांना ठाऊक आहे. त्याची नक्षी पूर्वी मागावर दोऱ्यांचा जाळा बांधून उतरवीत. नंतर जॅकार्ड आला. फ्रान्सच्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास पुठ्ठ्यांना छिद्रे पाडून ती माळ मागावर चढवण्याची युक्ती पक्की केली. जेथे छिद्र तेथे सुई जाते, दोरा उचलला जातो, नक्षी उमटते. हीच छिद्रांची युक्ती पुढे अमेरिकेत हॉलरिथने १८९० च्या जनगणनेत माणसे मोजायला वापरली, आणि संगणकाचे घराणे तेथून वाढले. म्हणजे हा पाहुणा परका नाही, आमच्याच धंद्यातला नातेवाईक आहे.

विणकराला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. माग मोडला तर सुतार दुसरा करून देतो. पुठ्ठ्यांची माळ हरवली तर ती नक्षी पुन्हा उभी करायला महिने जातात. म्हणून माग अंगणात असतो आणि माळ घरात खुंटीवर. कॉलेजात आम्ही नेमके उलटे केले. यंत्रांना कुलूप लावले आणि नोंदी दुसऱ्याच्या घरी ठेवल्या.

झाले असे की प्रवेश, फी आणि निकालासाठी एका कंपनीची सॉफ्टवेअर सेवा घेतली होती. साऱ्या विद्यार्थिनींची माहिती त्या कंपनीच्या यंत्रावर. पहिली दोन वर्षे सुरळीत गेली. नंतर वर्गणी वाढली. संस्थेने घासाघीस केली (यात आम्ही होतोच), तेव्हा तिकडून फोन उचलणे बंद झाले आणि एके दिवशी पासवर्ड चालेना. चार वर्षांच्या नोंदी बंद कपाटात. दोन्ही कारकुनांनी संपूर्ण उन्हाळा जुन्या प्रवेश-नोंदवहीतून नावे पुन्हा भरण्यात घालवला. करारात माहिती कोणाची, परत कशी मिळणार, एक शब्दही नव्हता. दुकानाची एकमेव खातेवही मुनीमाच्या घरी ठेवणारा व्यापारी आम्ही आजवर पाहिलेला नाही. पण पाच पदवीधर ट्रस्टी आणि एक व्यापारी मिळून आम्ही तेच केले होते.

टॅलीचे उदाहरण वाचकांना ठाऊक असेल. आज बहुतेक दुकानांत ते सॉफ्टवेअर दिसते. १९८० च्या दशकात श्यामसुंदर गोएंका हे कापड गिरण्या व कारखान्यांना माल पुरवणारे व्यापारी होते. मनासारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भारत गोएंकांना, ते तयार करायला लावले. आपली गरज काय हे धंदेवाल्याने स्वतः सांगितले म्हणून वस्तू उपयोगी निघाली. कॉलेजात मात्र गरज विक्रेता सांगतो आणि संस्था मान डोलावते.

एका अक्षराची किंमत

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो तिच्याकडे येतो. २०२२ च्या पावसाळ्यात एक मुलगी दुकानात अस्तराचे कापड घ्यायला आली. चेहरा ओळखीचा वाटला. कॉलेजच्या वार्षिक कार्यक्रमात तिला आम्हीच बक्षीस दिले होते, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात ती वर्गात पहिली होती. विचारले, "बेटी, आज कॉलेज नाही?" म्हणाली, "चाचा, कॉलेज सुटले. फॉल-पिकोचे काम घेते आता." वडील रिक्षा चालवतात. दुसऱ्या वर्षाची फी शिष्यवृत्तीवर अवलंबून होती आणि अर्ज परत आला होता.

का परत आला? आम्ही कार्यालयात जाऊन कागद पाहिले. आडनाव शेख. दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत एस-एच-ए-आय-के-एच. आधारवर एस-एच-ई-आय-के-एच. बँकेच्या पासबुकावर शेवटचा एच नाहीच. शिवाय बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी. कार्यालयात ज्याला जे पुढे दिसले त्याने ते भरले. राज्याच्या शिष्यवृत्त्या २०१७ पासून महाडीबीटी पोर्टलवरून दिल्या जातात. अर्ज आधी कॉलेजच्या कारकुनाकडे, मग प्राचार्यांकडे, मग विभागाच्या कार्यालयाकडे जातो, आणि पैसा आधारशी जोडलेल्या बँक खात्यात. पूर्वी समोर बसलेला साहेब शेख आणि शेख एकच हे ओळखत असे. यंत्र अक्षर ओळखते, माणूस ओळखत नाही. अर्ज दुरुस्तीसाठी परत आला तो कोणी उघडून पाहिला नाही, मुदत गेली. वीस यंत्रांच्या त्या कॉलेजात एक यंत्र तिच्या कामाला आले नाही.

आपल्या घरांतून हा घोटाळा जास्त का होतो, त्याचे कारण उर्दूत शिकलेल्या माणसाला लगेच कळेल. आमच्या लिपीत जेर-जबर सहसा लिहीत नाहीत. मोहम्मद हे नाव चार अक्षरांत होते. त्याला इंग्रजीत उतरवताना 'यू' घालायचा की 'ओ', एक 'एम' की दोन, शेवटी 'ए' की 'ई', हे जो तो कारकून आपापल्या कानाने ठरवतो. काही जण तर नुसते 'एमडी' लिहून मोकळे होतात. आयेशा तीन तऱ्हेने, रजिया दोन तऱ्हेने. चूक कोणाची नाही, म्हणून सुधारण्याचा जिम्माही कोणी घेत नाही.

कार्यालयातील धाकट्या कारकून बाईंनी यावर उपाय काढला. म्हणाल्या, "चाचा, तुम्ही तागा कापण्याआधी किती वेळा मोजता?" आम्ही म्हटले, दोनदा. "आम्ही हे नाव एकदाही न मोजता भरतो." तेव्हापासून प्रवेशाच्या टेबलावर दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पासबुक हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवून मुलीसमोर अक्षर-अक्षर वाचतात. एका साध्या तक्त्यात तिन्ही स्पेलिंगे भरतात आणि फरक असेल तर त्या ओळीला रंग देतात. त्याला ना नवे सॉफ्टवेअर लागले, ना नवे यंत्र. एका मुलीला सात-आठ मिनिटे लागतात, रांग लांबते, पालक कुरकुरतात. कुरकुरू द्यावे.

फरक निघाल्यावर प्रमाण कोणते मानायचे, यावर समितीत बराच वाद झाला. आमचे मत असे की दहावीची गुणपत्रिका मूळ धरावी, कारण शाळा सुटल्यानंतर तीत बदल करणे सर्वांत कठीण. आधार आणि पासबुक तिच्याप्रमाणे करून घ्यावे. परंतु आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, हे बहुतेकांना मालूम नसते. घाईने अर्धवट दुरुस्ती करून एक संधी घालवू नये. स्पेलिंग आणि नावाचा क्रम, दोन्ही एकाच खेपेत करावेत. ज्यांची गुणपत्रिकाच चुकली आहे त्यांनी आधी शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढून मुख्याध्यापकांना भेटावे. आणखी एक. मुलीची दोन बँकांत खाती असतील तर पैसा शेवटी ज्या खात्याला आधार जोडले त्यात जातो. कितीतरी घरी "शिष्यवृत्ती आलीच नाही" म्हणतात आणि ती भलत्याच, विसरलेल्या खात्यात पडलेली असते. बँकेत जाऊन "आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे" एवढे विचारावे.

ग्रंथालय, लिपी आणि फुकटचा माल

नोंदीचा हाच प्रश्न ग्रंथालयात दिसतो. उर्दू पुस्तकांची यादी बऱ्याच ठिकाणी इंग्रजी अक्षरांत केलेली असते आणि मग 'गालिब' शोधायला 'जी' दाबावा की 'जी-एच', हे ग्रंथपालालाही सांगता येत नाही. १९९० च्या दशकात इनपेज आले तेव्हा उर्दू छपाईला मोठा आधार मिळाला, मराठीला तसाच श्रीलिपीने. पण त्या जुन्या फायली त्या त्या सॉफ्टवेअरपुरत्याच राहिल्या. दुसरीकडे उघडल्या की अक्षरांचा चिवडा. आज युनिकोड आहे. त्यात टाईप केलेले उर्दू, मराठी कोणत्याही यंत्रावर वाचता येते, शोधता येते. नवी यादी करणाऱ्याने युनिकोडशिवाय दुसऱ्या कशातही एक ओळ टाईप करू नये.

सॉफ्टवेअर विकतच घ्यावे लागते असेही नाही. ग्रंथालयासाठी 'कोहा' हे सॉफ्टवेअर २००० सालापासून वापरात आहे, न्यूझीलंडमधील एका लहान ग्रंथालयासाठी बनले आणि सर्वांना मोकळे आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. अनुदानित कॉलेजांसाठी इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट योजना आहे. पाच हजार रुपये आणि जीएसटी एवढ्या वार्षिक वर्गणीत हजारो नियतकालिके आणि लाखाच्या वर ई-पुस्तके. एका वर्गाच्या युनिफॉर्मच्या कापडाइतकाही हा खर्च नाही. आम्ही पाहिलेल्या कॉलेजांत वर्गणी भरलेली असते, पण पासवर्ड विद्यार्थ्यांना दिलेले नसतात. देखरेखीला येणाऱ्यांना दाखवायची पावती तेवढी फाईलला लावलेली.

जुन्या यंत्रांचेही सांगतो. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली, आणि साधारण २०१८ च्या आधीच्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. विक्रेते म्हणतात सर्व बदला. बदलण्याआधी लिनक्स चढवून पाहावे. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे त्यावर चालत आहेत. आमच्या समितीने चार यंत्रांवर प्रयोग केला, टायपिंग, तक्ते आणि इंटरनेट ठीक चालते. टॅली शिकवायचे असेल तर मात्र एक-दोन यंत्रे विंडोजवर ठेवावी लागतात, हे कबूल करतो.

सॉफ्टवेअर कंपनीशी पुढचा करार केला तेव्हा भावाची घासाघीस आम्ही शेवटी ठेवली. आधी तीन गोष्टी लिहून घेतल्या. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सर्व नोंदी साध्या एक्सेल तक्त्यात संस्थेला मिळतील. करार संपला तरी साठ दिवस माहिती उघडी राहील. संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय एकाही मुलीचा फोन नंबर बाहेर जाणार नाही. तिसऱ्या अटीवर विक्रेता हसला. त्याला आम्ही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा दाखवला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. अकरावी-बारावीच्या मुली अठराच्या आतल्या असतात, त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागणार. आधारचे फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मागवण्याची सवय कार्यालयांनी आजच सोडावी.

महिन्याचा तो तक्ता आता दोन पेन ड्राइव्हवर उतरतो. एक प्राचार्यांच्या कपाटात, दुसरा आमच्या दुकानाच्या तिजोरीत, कुलूप-पासवर्डासह. दर तीन महिन्यांनी तो उघडून पाहतो. न उघडलेली प्रत कोरी निघाली तर कळायचे कधी?

ती मुलगी एक वर्ष घरी राहून परत आली. तिची फी त्या वर्षी काही व्यापाऱ्यांनी मिळून भरली, ते नेहमीसाठी होण्यासारखे नाही. मागील जूनमध्ये तिची धाकटी बहीण प्रवेशाला आली. तीन कागद टेबलावर ठेवले, वाचले. आधारवर तोच ई-आय. कारकून बाईंनी फॉर्म बाजूला ठेवला, दुरुस्तीच्या शुल्कासह दोघींना आधी आधार केंद्रावर पाठवले आणि प्रवेशाच्या यादीत त्या ओळीला रंग देऊन पुढच्या मुलीला हाक मारली.